बाळाच्या हातचा पहिला घास : वरचं अन्न स्वतः खायला कसं शिकवावं

वाटलेलं, पातळ अन्न चमच्याने भरवणं हा वरचं खाणं सुरू करण्याचा एकमेव मार्ग नाही. नीट बसू लागलेल्या बाळापुढे मऊ शिजवलेल्या लांबट फोडी ठेवल्या, तर ते त्या मुठीत धरतं, तोंडाशी नेतं, हिरड्यांनी चेपतं आणि हळूहळू गिळायला शिकतं. दात आलेले नसले तरी चालतं. मऊ अन्न कुस्करायला हिरड्या पुरतात.

या पद्धतीत कामाची वाटणी ठरलेली असते. काय वाढायचं, कधी वाढायचं, ते किती मऊ आणि कोणत्या आकाराचं हवं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे बाळाने. आपल्या वाट्याचं काम चोख करायचं आणि बाळाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, एवढं जमलं की पद्धत जमली. घोळ होतात ते बहुधा फोड कडक राहिल्याने, ताटात लोह नसल्याने, नाहीतर मधूनच कुणीतरी बाळाच्या तोंडात घास कोंबल्याने.

सुरुवात कधी करायची

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीने वरचं अन्न. पण कॅलेंडरवर सहा महिने भरले एवढ्यावर स्वतःच्या हाताने खाणं सुरू करू नये. तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. बाळ मान सावरून, थोड्याशा आधाराने ताठ बसतं. समोरची वस्तू पाहून नेमकी उचलतं आणि तोंडात घालतं. तोंडात आलेली वस्तू जिभेने आपोआप बाहेर ढकलण्याची जन्मजात सवय कमी झालेली असते.

यातली बसण्याची अट सर्वांत महत्त्वाची. कलंडणाऱ्या बाळाला घशाकडे सरकलेला तुकडा पुढे आणणं अवघड जातं. मुठी चोखणं, रात्री वारंवार उठणं, मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून बघणं ही मात्र तयारीची खात्रीशीर लक्षणं नाहीत. ती चौथ्या महिन्यातही दिसतात.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, स्नायू सैल असतील, गिळण्यात काही अडचण असेल किंवा वजन नीट वाढत नसेल, तर सुरुवात कधी आणि कशी करायची हे बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. अशा बाळांना अनेकदा चमच्याने भरवण्याची जोड लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोणत्याही बाळाच्या बाबतीत दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात.

बसायची जागा

खुर्चीत बाळाची पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात आणि तळपाय कशावर तरी टेकलेले हवेत. पाय लोंबकळत राहिले की बाळाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, ते लवकर चुळबुळ करू लागतं, आणि आपल्याला वाटतं की त्याला भूक नाही. पाय ठेवायची फळी नसेल तर पक्कं खोकं बांधा. ट्रे बाळाच्या छातीच्या खालच्या भागाशी, कोपर सहज टेकतील इतक्या उंचीवर असावा. बाळ बाजूला झुकत असेल तर कमरेशी टॉवेलची गुंडाळी लावा. पट्टा रोज लावायचा.

मागे रेललेली आरामखुर्ची, चालती गाडी, झोपलेल्या स्थितीतलं बाळ किंवा रांगत फिरणारं बाळ यांच्या हाती अन्न द्यायचं नाही. खाताना एक मोठा माणूस समोर बसलेला हवा. मोबाइलमध्ये डोकं घातलेला माणूस मोजायचा नाही.

फोड कशी हवी

सहा महिन्यांचं बाळ वस्तू पूर्ण मुठीत धरतं. मुठीच्या आत गेलेला भाग त्याला खाता येत नाही, कारण मूठ हवी तेव्हा उघडणं अजून जमत नाही. म्हणून फोड मुठीबाहेर उरेल इतकी लांब हवी: साधारण ५ ते ६ सेंटिमीटर लांब आणि मोठ्या माणसाच्या बोटाएवढी जाड. नवखे पालक भीतीपोटी बारीक चौकोनी तुकडे करतात. ते बाळाला उचलता येत नाहीत, आणि कसेबसे तोंडात गेलेच तर न चावता थेट मागे सरकतात. या वयात लांब आणि मऊ फोड छोट्या तुकड्यापेक्षा सुरक्षित असते.

मऊपणाची परीक्षा सोपी आहे. फोड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच दाबा. सहज चेपली तर ठीक. जोर लावावा लागला तर परत शिजवा. अशीच फोड आपल्या तोंडात जीभ आणि टाळूमध्ये दाबून पाहता येते; दात न लावता ती कुस्करली गेली पाहिजे. बोटाएवढ्या गाजराला वाफेवर साधारण १० ते १५ मिनिटं लागतात, रताळं आणि लाल भोपळा त्याआधी होतात. वेळेपेक्षा चिमटीवर भरवसा ठेवा, कारण जून भाजीला जास्त वेळ लागतो.

उलट, फार शिजवलेल्या फोडीचा बाळाच्या मुठीत लगदा होतो. हा धोका नाही, पण बाळ वैतागतं. वाफवलेली फोड नंतर थोडा वेळ ओव्हनमध्ये किंवा तव्यावर परतली तर बाहेरून जरा कोरडी होते आणि हातात टिकते.

काही पदार्थांच्या खुब्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सोललेल्या केळ्याच्या टोकातून बोट आत दाबलं तर ते उभं तीन लांब फाकांत सुटतं. त्या फाका पकडीला नेमक्या बसतात. केळं, आंबा, अ‍ॅव्होकाडो अशी निसरडी फळं ओट्सच्या बारीक पिठात घोळवली की हातातून सटकत नाहीत. ब्रोकोलीच्या तुऱ्याला देठ थोडा लांब ठेवला की ती आयती मूठ होते. अंडं पूर्ण शिजवून, ऑम्लेटच्या दोन बोटं रुंद पट्ट्या करून द्या. सफरचंद कच्चं नको. फाका वाफवून मऊ करा किंवा बारीक किसा. दही, घट्ट डाळ, खिमट भात असे न धरता येणारे पदार्थ चमच्यात भरून चमचा बाळासमोर आडवा धरा किंवा ट्रेवर ठेवा. तोंडापर्यंतचा प्रवास बाळ करेल.

लोह विसरू नका

फक्त उकडलेल्या भाज्या आणि फळं वाढत राहणं ही या पद्धतीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत न दिसणारी चूक. बाळ आनंदाने खातं, फोटो छान येतात, आणि लोह मात्र पोटात जात नाही.

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं. तो सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतो. आईचं दूध इतर बाबतीत उत्तम, पण एका लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह हवं. मेंदूची वाढ याच काळात वेगात असते, म्हणून लोहाची कमतरता पुढे ढकलायची गोष्ट नाही.

तेव्हा रोजच्या प्रत्येक ताटात तीन गोष्टी ठेवा: एक लोहयुक्त, एक ऊर्जा देणारी आणि एक भाजी किंवा फळ. लोहासाठी मांस, मासे, अंडी, सगळ्या डाळी आणि शेंगांचे दाणे, टोफू, लोह घातलेलं बाळांचं धान्य. मांस कोरडं आणि चिवट असतं, म्हणून खिमा करून त्याचे लांबट मऊ गोळे करा किंवा रस सुटेपर्यंत शिजवून धागे सुटे करा. शिजवलेल्या डाळीचा घट्ट लगदा उकडलेल्या बटाट्यात मिसळून बोटाएवढे रोल करता येतात. यकृतात लोह भरपूर, पण अ जीवनसत्त्वही फार असतं. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको.

डाळी आणि भाज्यांमधलं लोह शरीर मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषून घेतं. त्याच जेवणात संत्रं, टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी असं क जीवनसत्त्व असलेलं काही ठेवलं तर शोषण वाढतं. शाकाहारी घरांत ही जोडी नेमाने सांभाळावी. लोहाचे थेंब द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

ऊर्जेचंही असंच. भाज्यांनी इवलं पोट लवकर भरतं. फोडींना थोडं तेल, लोणी किंवा दाण्यांचं पातळ केलेलं लोणी लावलं तर कमी घासांत जास्त ऊर्जा जाते.

पहिल्या आठवड्यातलं एक जेवण

वेळ अशी निवडा की बाळाची झोप झालेली असेल आणि दूध पिऊन साधारण अर्धा ते एक तास झाला असेल. भुकेलं बाळ शिकायला तयार नसतं. त्याला अजून ठाऊक नसतं की या वस्तूंनी पोट भरतं. पोट गच्च भरलेलं बाळही हात लावत नाही.

हात धुवा, बाळाचे आणि आपलेही. बाह्या वर, लाळेरं गळ्यात, खुर्चीखाली जुनी चादर. ट्रेवर दोन किंवा तीन फोडी ठेवा, जास्त नकोत. ढीग दिसला की बाळ गोंधळतं किंवा सगळं हाताने लोटून देतं. अन्न कोमट असावं. मग आपणही जवळ बसून तेच खा, तोंड जरा मोठं हलवून. बाळ चावणं पाहून शिकतं.

आता हात मागे घ्या. बाळ फोड दाबेल, चाटेल, फेकेल, पुन्हा उचलेल. तोंडात घातलेला घास बाहेर टाकणंही शिकण्याचाच भाग आहे. धरायला फार त्रास होत असेल तर फोड हवेत उभी धरून पुढे करा, पण ती घ्यायचं काम बाळालाच करू द्या. तोंडात आपण घालायचं नाही. स्वतः घास आत नेताना बाळाला त्याची जागा आणि वेग कळतो. दुसऱ्याने अचानक घातलेला घास थेट घशाकडे जाऊ शकतो.

मान फिरवली, ओठ मिटले, ट्रे ढकलला, रडू आलं की जेवण संपलं. पहिल्या दिवसांत १० मिनिटंही पुष्कळ, नंतर २० ते ३० मिनिटं. उठवण्यापूर्वी गालात अन्न उरलं नाही ना हे पाहा. टाळूला चिकटलेला तुकडा झोपेत घशात जाऊ शकतो.

जेवणासोबत छोट्या उघड्या कपातून दोन-चार घोट पाणी देता येतं. आईचं किंवा फॉर्म्युला दूध पूर्वीसारखंच, मागेल तेव्हा. पहिले काही आठवडे प्रत्यक्ष पोटात जाणारं अन्न चमचाभरही नसेल, आणि तोपर्यंत पोषणाचा भार दूधच वाहतं.

उबळ आणि गुदमरणं यांतला फरक

हा भाग घरातल्या प्रत्येक माणसाने सुरुवातीआधी वाचायला हवा, आजी-आजोबांनीही.

बाळांमध्ये उबळ आणणारी जागा जिभेवर मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते. तुकडा जरा मागे सरकला की बाळ जीभ बाहेर काढतं, खोकतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, कधी थोडी उलटीही होते. आवाज येत असतो. ही शरीराची संरक्षणाची युक्ती आहे. अशा वेळी शांत बसा, चेहरा घाबरलेला दिसू देऊ नका, बाळाला पुढे झुकू द्या. तोंडात बोट घालून तुकडा काढायला जाऊ नका. तोच तुकडा आत ढकलला जातो. बहुतेक बाळं काही सेकंदांत तुकडा पुढे आणतात आणि लगेच खायला लागतात.

गुदमरणं वेगळं. श्वासमार्ग बंद झालेला असतो, म्हणून आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. बाळ रडू शकत नाही, खोकू शकत नाही, ओठ आणि चेहरा निळसर पडू लागतो. इथे क्षणही दवडायचा नाही. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, जबडा आणि डोकं आधाराने धरा, डोकं शरीरापेक्षा खाली ठेवा आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध ५ ठोके द्या. तुकडा निघाला नाही तर बाळाला उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाब द्या. तुकडा निघेपर्यंत हे आलटून-पालटून करत राहा आणि कुणाला तरी तातडीच्या मदतीसाठी फोन करायला लावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. बाळ निपचित पडलं तर लगेच जीवनरक्षक पुनरुज्जीवन (सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करावं लागतं. ते वाचून येत नाही, प्रत्यक्ष शिकावं लागतं. म्हणून पहिला घास देण्याआधी प्रथमोपचाराचा एक वर्ग कराच.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या ब्लिस या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही पालकांना स्वतः खाण्याची पद्धत, आणि सोबत कोणते पदार्थ धोक्याचे, फोड कशी करायची, हे शिकवलं होतं. या बाळांमध्ये आणि नेहमीच्या पद्धतीने खाणाऱ्या बाळांमध्ये घास अडकण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र दोन्ही गट मिळून सुमारे ३५ टक्के बाळांचा ६ ते ८ महिन्यांच्या दरम्यान निदान एकदा घास अडकला होता. म्हणजे चमच्याने भरवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. जोखीम ठरते ती ताटात काय आहे आणि शेजारी कोण बसलं आहे यावर.

हे ताटात नको

अख्खे दाणे, बदाम, काजू आणि असा कडक सुकामेवा, पॉपकॉर्न, कच्चं गाजर आणि कच्चं सफरचंद, गोळ्या, चॉकलेटं, सॉसेजच्या गोल चकत्या, दाण्यांच्या लोण्याचा घट्ट गोळा. द्राक्षं, छोटे टोमॅटो, चेरी अशी गोल फळं बी काढून उभी चार भागांत चिरल्याशिवाय द्यायची नाहीत: गोल, निसरडी आणि दबणारी वस्तू श्वासनलिकेत बुचासारखी बसते. वाटाणे, हरभरे, ब्लूबेरी बोटाने चपटे करा. माशाचा प्रत्येक तुकडा काट्यांसाठी बोटांनी चाचपून पाहा.

मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, शिजवलेल्या पदार्थातही नाही. त्यातले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. घरच्या स्वयंपाकातून बाळाचा वाटा मीठ-साखर घालण्याआधी काढून ठेवा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार वर्षाच्या आत दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जायला हवं, आणि पाव किंवा चीजच्या एक-दोन तुकड्यांतूनच त्यातला बराच वाटा जातो. गायीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच. दही आणि स्वयंपाकात वापरलेलं दूध आधीही चालतं.

ॲलर्जीची भीती आणि उशीर

अंडं, शेंगदाणा, गहू, दूध, सोया, तीळ, मासे, सुकामेवा हे पदार्थ उशिरा दिले तर ॲलर्जी टळते, असा पूर्वी समज होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप या चाचणीने चित्र पालटलं. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

म्हणून असा पदार्थ ठरवून आणि एका वेळी एकच द्या. बाळ बरं असताना, सकाळच्या वेळी, पाव चमच्याने सुरुवात करा म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येतं. शेंगदाण्याचं मऊ लोणी पाण्यात किंवा दह्यात पातळ करून द्या. काही झालं नाही तर तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. एकदा देऊन थांबणं कामाचं नाही. अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, वारंवार उलट्या, घरघर किंवा एकदम मलूल होणं दिसलं तर तातडीने वैद्यकीय मदत घ्या. तोंडाभोवतीची नुसती लाली टोमॅटो-संत्र्यासारख्या आंबट पदार्थाने त्वचा चुरचुरल्यामुळेही येते. ज्या बाळाला आधीच तीव्र इसब आहे, त्याच्या बाबतीत अंडं आणि शेंगदाणा डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा.

पुढच्या महिन्यांत

सुरुवातीला दिवसातून एकदा. दोन-तीन आठवड्यांत दोनदा, आठव्या महिन्यापर्यंत दोन ते तीन वेळा, नवव्यापासून तीन ते चार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत दिवसाला सुमारे २०० कॅलरी, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० यायला हव्यात. हे मोजत बसण्यासाठी नाही; बाकीचं दूध पुरवतं, हे समजण्यासाठी आहे.

नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वस्तू पकडता येऊ लागली की मऊ अन्नाचे वाटाण्याएवढे तुकडे द्या. पोतही बदलत न्या: कुस्करलेलं, मग खडबडीत, मग तुकड्यांचं. दहाव्या महिन्यानंतरही फक्त गुळगुळीत अन्न दिलं जात असेल तर पुढे चावून खाण्याची कुरकुर वाढू शकते.

शीमध्ये गाजराचे तुकडे, केळ्याचे काळे धागे, बीटचा लाल रंग दिसणं नेहमीचं आहे. कडक खडे होऊ लागले तर पाणी, पेअर किंवा प्रून वाढवा आणि केळं-भात काही दिवस कमी करा. नाकारलेला पदार्थ कायमचा बाद करू नका; आठ-दहा वेळा समोर आल्यावर बाळं तो उचलतात. दात येताना किंवा सर्दीत खाणं घटतं, तेव्हा दूध वाढवा आणि ताट समोर ठेवत राहा.

आठवा महिना सरत आला तरी काहीच गिळलं जात नसेल, प्रत्येक घासाला उबळ किंवा खोकला येत असेल, खाताना आवाज ओलसर-घोगरा होत असेल, वजनाची रेषा खाली वळत असेल किंवा बाळ फिकट आणि सुस्त दिसत असेल, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. जाताना तीन दिवसांची नोंद सोबत न्या: काय वाढलं, अंदाजे किती गिळलं, किती वेळा दूध घेतलं, शी कशी होती.